घडीचा नवा चाकू: लॉक आणि पात्याचा खेळ कसा तपासायचा

ऑगस्ट उजाडला की आमच्या तासगाव भागात द्राक्षाच्या कलमांची गडबड सुरू होते. डॉगरिज जातीच्या खुंटांवर, म्हणजे मुळाकडच्या झाडांवर, थॉमसन, सोनाका, माणिक चमन या द्राक्षांच्या काड्या भरायच्या असतात. त्याआधी आठ-पंधरा दिवस जो तो नवा चाकू घेऊन दाखवायला येतो. पातं उघडून फटकन लॉक लावायचं आणि म्हणायचं, "आवाज ऐका की अण्णा, कसलं कडक लॉक हाय!"

आवाजावरून लॉक कळत नाही. ढिलं लॉकसुद्धा जोरात उघडलं की 'टक्' वाजतंच.

दुसरी चूक याहून महागात पडते. पातं हलतंय असं वाटलं की लोक लगेच स्क्रू आवळतात. या हलण्यालाच खेळ म्हणतात. पण पातं दोन वेगवेगळ्या कारणांनी हलतं. डावी-उजवीकडं हलत असेल तर तो आडवा खेळ. तो बहुतेक वेळा पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीपाशी असतो आणि स्क्रूनं जातो. पाठीकडून धारेकडं, म्हणजे वर-खाली हलत असेल तर तो उभा खेळ. तो बहुतेक वेळा लॉकच्या बसण्यात असतो, आणि तसा असला तर स्क्रू कितीही आवळला तरी जात नाही. उलट वायसर (पात्याच्या दोन्ही अंगांच्या पातळ चकत्या) चेपतात, पातं जाम होतं, आणि दुकानदार म्हणतो, "तुम्ही खोललाय, आता परत घेणार नाही." म्हणून खेळ कुठल्या दिशेचा हे नक्की ठरेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही.

खाली दिलेला क्रम मोडू नका. प्रत्येक पायरीचा निकाल पुढच्या पायरीला लागतो.

## तयारी

बिल जपून ठेवा आणि तपासणी पुरी होईपर्यंत चाकूनं काहीही कापू नका. एक काडी जरी कापली तरी चाकू वापरलेला ठरतो.

जवळ घ्यायच्या वस्तू: मास्किंग टेप, सुती चिंधी, मोबाईलची टॉर्च, काळा पर्मनंट मार्कर, मऊ लाकडाचा तुकडा आणि स्क्रूच्या डोक्यात नेमका बसणारा बिट, म्हणजे पेचकसाचं टोक. आजकालच्या बऱ्याच चाकूंना चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, टी-६, टी-८ किंवा टी-१० मापाचे. अंदाजानं लहान बिट घातला की चांदणी गोल होते आणि मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. बिट घालून हलवून बघा. किंचितही डुगडुगला तर तो त्या स्क्रूचा नाही.

आधी धारेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर टोकापर्यंत लावून घ्या. जाड हातमोजे घालून तपासू नका. मोज्यातून बारीक खेळ कळतच नाही आणि पकडही फसते. टेप लावलेलं पातं मात्र उघड्या बोटांनी नीट धरता येतं.

मग कारखान्यातून आलेलं तेल पुसा. बुडाशी, लॉकच्या पट्टीच्या मागं, खिळीच्या दोन्ही बाजूंना चिंधीचं टोक फिरवा. घट्ट तेल फटीत भरलेलं असलं की पातं घट्ट वाटतं, आणि चार दिवसांनी तेल निघून गेल्यावर खेळ 'आपोआप' उगवतो. पातं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पण 'बूड' हा शब्द पुढं सारखा येणार आहे. बूड म्हणजे पात्याचा खिळीजवळचा, मुठीत लपलेला जाड भाग. लॉक त्यालाच टेकतं.

सावध: लहान मुलं खोलीत नकोत. तपासणी टेबलाशी बसून करा, उभ्यानं नको. चाकू हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या.

## १. मिटलेला चाकू

मिटलेला चाकू मुठीच्या उघड्या बाजूनं उजेडात धरा. पातं दोन्ही बाजूंच्या मधोमध आहे का बघा. किंचित एका अंगाला असेल तर बिघडलं नाही, पण आतल्या पट्टीला घासत असेल तर लिहून ठेवा. टोक मुठीच्या बाहेर डोकावतंय का, हे बोट न लावता पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून तपासा. पुठ्ठा अडला तर तो चाकू खिशात ठेवायच्या लायकीचा नाही.

आता मुठीची उघडी बाजू खाली करून मूठ घट्ट धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. पातं जागेवर राहायला पाहिजे. हलक्या झटक्यात पातं बाहेर येत असेल तर स्क्रूकडं बघायचीही गरज नाही, तसाच परत करा. असा चाकू खिशात उघडतो, आणि बागेत दिवसभर उठबस करणाऱ्याच्या मांडीला लागतो.

## २. सावकाश उघडणं

झटक्यानं उघडू नका. अंगठ्यानं अगदी हळू, चार-पाच सेकंद घेऊन उघडा आणि तसंच मिटवा. पाच वेळा करा. कुठं खरखर लागते, कुठं अडतं, ते बोटाला सांगू द्या. एकाच जागी दर वेळी अडत असेल तर बुडावर बर (धातूची बारीक खरबरीत कड) राहिलेली असते किंवा वायसर वाकडं बसलेलं असतं. सगळीकडं सारखीच खरखर असेल तर बहुधा नुसती घाण असते. पुन्हा पुसा आणि पुन्हा बघा.

## ३. लॉक बसतं कसं, ते डोळ्यानं बघा

इथं घाई करू नका. लॉकचे प्रकार वेगळे, म्हणून बघायची जागाही वेगळी.

पट्टीचं लॉक. बाजारात हेच सगळ्यात जास्त मिळतं. मुठीच्या आतली पातळ पोलादी पट्टी आत सरकून बुडामागं उभी राहते, त्याला लायनर लॉक म्हणतात. मुठीचाच एक भाग तसा कापून वळवलेला असेल तर फ्रेम लॉक. पातं हळू उघडा, लॉक लागू द्या आणि टॉर्च मागून आत मारा. बुडाच्या जाडीवर पट्टी किती आत आलीय ते दिसतं. जाडीच्या पाव ते निम्म्यापर्यंत आली असेल तर नव्या चाकूला ते योग्य. वापरानं पट्टी हळूहळू आणखी आत सरकते, म्हणून नवा असतानाच पट्टी पलीकडच्या लायनरला, म्हणजे मुठीच्या समोरच्या बाजूच्या आतल्या पत्र्याला, टेकली असेल तर तिला सरकायला जागाच उरलेली नाही. आणि जेमतेम कडेवर उभी असेल तर ती कधीही निसटू शकते.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतोय. खुंट चिरताना माझ्या चुलतभावाचं पातं लाकडात अडकलं. त्यानं मूठ पिळून सोडवायला बघितलं. पट्टी सरकली, चाकू मिटला आणि तर्जनीला पाच टाके पडले. चाकू घेऊन आठवडाच झाला होता. नंतर टॉर्च मारून पाहिलं तर पट्टी बुडाच्या कडेला नखाच्या जाडीएवढी टेकत होती. दुकानातच अर्धा मिनिट आत डोकावलं असतं तर हे टळलं असतं.

एकदाच उघडून ठरवू नका. हळू उघडून, मध्यम वेगानं उघडून आणि जोरात उघडून पट्टी कुठं थांबते ते तीनदा बघा. तिन्ही वेळा जवळपास एकाच जागी थांबली पाहिजे. हळू उघडल्यावर कडेवर आणि जोरात उघडल्यावर आत, असं होत असेल तर पट्टीची स्प्रिंग कमजोर आहे किंवा टेकायचा उतार चुकलाय. कलम करताना आपण चाकू जोरात उघडत नाही, म्हणून हळू उघडल्यावरचीच जागा खरी धरा.

पाठीचं लॉक. मुठीच्या पाठीवर दाबायची दांडी असते. लॉक लागल्यावर दांडीचं नाक बुडाच्या खाचेत पूर्ण उतरलं पाहिजे. पाठीवरून नख फिरवा. दांडी आणि पात्याच्या पाठीत ठळक पायरी लागली तर नाक अर्धवट बसलंय किंवा खाचेत कचरा आहे. दांडी दाबायची जागा तुमच्या पकडीत येते का, हेही बघा. मूठ आवळली की तळहातानं दांडी दबत असेल तर लॉक कितीही चांगलं असलं तरी तो चाकू तुमच्या हाताचा नाही.

आडव्या दांडीचं लॉक. दांडी मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखीच पुढं आली पाहिजे. एका बाजूला मागं राहत असेल तर त्या बाजूची स्प्रिंग नीट काम करत नाही.

कड्याचं लॉक. ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूला फिरवायचं कडं असतं. कडं फिरवताना सुरुवातीला सैल आणि शेवटी घट्ट लागलं पाहिजे. फिरून फिरून अडतच नसेल तर पातं धरून राहत नाही. पावसाळ्यात या चाकूचं लाकूड फुगतं आणि पातं जड चालतं. कोयना-महाबळेश्वरकडच्या लोकांनी तो दोष समजू नये. कोरड्या जागी दोन दिवस ठेवा आणि मग तपासा.

बिनलॉकचा चाकू. व्हिक्टोरिनॉक्सच्या खिशातल्या बऱ्याच लहान चाकूंना आणि आपल्याकडच्या जुन्या घडीच्या चाकूंना लॉक नसतंच, नुसती पाठीची स्प्रिंग असते. त्यांची पुढची दाबाची तपासणी करायची नाही, ते मिटणारच. आडवा खेळ तेवढा बघा.

## ४. खेळाची दिशा ठरवा

पूर्ण उघडलेला चाकू डाव्या हातात घ्या. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं पातं टोकाच्या बाजूनं, टेपवरून धरा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख बूड आणि मूठ जिथं मिळतात त्या फटीवर ठेवा. या नखानंच खेळ कळतो, पात्याच्या टोकाकडं बघून नाही.

आता पातं हलक्या हातानं डावी-उजवीकडं हलवा. लांब पातळ पातं स्वतःच लवतं. ते लवणं मुकं असतं आणि नखाला काही लागत नाही. खेळ असेल तर नखाखाली बूड सरकल्याचं स्पष्ट जाणवतं आणि बारीक 'टिक-टिक' ऐकू येते. लवण्याला खेळ समजून चांगले चाकू परत करणारे मी बघितलेत.

मग वर-खाली. मूठ टेबलाच्या कडेवर टेकवून दाबून धरा. पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवून खाली दाबा, मग टेपवरून धारेकडून वर उचला. नख त्याच फटीवर.

इथं एक गोष्ट हमखास चुकते. पट्टीच्या लॉकचा चाकू तपासताना बोटं पट्टीवर येतात, विशेषतः फ्रेम लॉकमध्ये. मग तुमचीच पकड पट्टीला आत दाबते आणि उभा खेळ झाकला जातो. पट्टीची बाजू पूर्ण मोकळी ठेवून मूठ फक्त वरून-खालून धरा.

कागदावर लिहा: आडवा आहे की नाही, उभा आहे की नाही.

निकाल:
- दोन्ही नाहीत: थेट पायरी ७ वर जा.
- फक्त आडवा: पायरी ५.
- दोन्ही: पायरी ५, मग ६. खीळ ढिली असली तर तिच्यामुळं पातं वर-खालीही थोडं हलतं, म्हणून आधी आडवा घालवून मगच उभा मोजायचा.
- आडवा अजिबात नाही आणि उभा ठळक: स्क्रू न खोलता परत करा. हा दोष घडाईचा आहे.

पाठीच्या लॉकला जोर देऊन दाबल्यावर केसभर हालचाल जाणवणं नेहमीचं आहे. हलक्या हातानंही 'टक-टक' वाजत असेल तर मात्र घेऊ नका.

## ५. आडवा खेळ काढणं

खीळ स्क्रूची आहे की ठोकलेली, ते आधी बघा. ठोकलेली असेल तर घरी हातोडी घेऊ नका. एक घाव जास्त पडला की पातं जाम, आणि ते मागं आणणं जमत नाही. नवा चाकू आहे, बदलून घ्या.

स्क्रू असेल तर एका वेळी एक-अष्टमांश फेरा आवळायचा. घड्याळाच्या तबकडीवर मिनिट काटा साडेसात मिनिटांत जेवढा सरकतो तेवढाच. आवळा, पातं दहा वेळा उघड-मीट करा, नखानं तपासा. पुन्हा लागलं तर पुन्हा तेवढंच. स्क्रू आवळताना पलीकडचं डोकंही सोबत फिरत असेल तर तिकडं दुसरा बिट लावून धरा.

थांबायचं कुठं? खेळ जाईल आणि पातं सहज फिरेल, त्या बिंदूवर. खेळ गेला पण पातं अंगठ्यानं ढकलावं लागतंय, तर अगदी किंचित मागं घ्या. पातं मोकळं झालं की खेळ येतो आणि खेळ गेला की पातं जाम होतं, मधली जागाच सापडत नाही, असं असेल तर वायसर असमान आहेत किंवा खिळीचं भोक मोठं पडलंय. त्यावर स्क्रूचा इलाज नाही. चाकू परत करा.

सावध: बेअरिंगवर फिरणारं पातं थोडं जास्त आवळलं तरी मोकळं फिरतं, म्हणून हाताला फसवतं. त्यात खेळ गेला की तिथंच थांबा. पुढं आवळत राहिलात तर गोळ्या पट्टीत रुततात.

## ६. उभा खेळ पुन्हा मोजा

पायरी ४ मधली वर-खालीची तपासणी तशीच पुन्हा करा. आडवा गेल्यावर उभाही गेला तर दोष खिळीचाच होता. उभा तसाच राहिला तर तो लॉकचा. अशा वेळी लोक पट्टी वाकवून जास्त आत आणायला बघतात. करू नका. पट्टी वाकवल्यानं दाब वाढतो, पण टेकायचा उतार चुकलेला असेल तर तो तसाच राहतो.

कलमाच्या कामात हा उभा खेळच घात करतो. काडीला पाचर काढताना पातं मध्येच हललं की कापावर लाट पडते. सपाट काप नसला तर काडीचा हिरवा थर खुंटाच्या हिरव्या थराला सगळीकडं टेकत नाही, आणि कलम धरत नाही. मग दोष काडीला दिला जातो.

## ७. मार्करची परीक्षा

वर्कशॉपमधले फिटर दोन भाग नीट टेकतात का, हे निळं लावून बघतात. तेच इथं मार्करनं करता येतं.

पातं अर्धवट मिटवा म्हणजे बुडाचा मागचा भाग, जिथं पट्टी टेकते तो, उघडा दिसेल. तो चिंधीनं कोरडा करून मार्करनं पूर्ण काळा करा. दोन मिनिटं वाळू द्या. पंधरा-वीस वेळा नेहमीच्या जोरानं उघड-मीट करा आणि टॉर्च लावून बघा.

काळा रंग खरवडून जिथं चकचकीत पोलाद दिसतंय, तिथंच लॉक टेकतंय. पट्टीच्या खालच्या भागापाशी, म्हणजे खिळीपासून लांबच्या टोकाला, चांगला रुंद डाग दिसला तर टेकणं भक्कम आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात, खिळीजवळ ठिपका दिसला तर त्या ठिपक्याभोवती पातं डुलतं. उभा खेळ नसला तरी महिन्याभरात येईल. एखाद्या रेषेएवढीच जागा घासली असेल तर सगळा भार त्या रेषेवर आहे आणि ती लवकर झिजते.

रंग स्पिरिटनं पुसून टाका. लॉक टेकतं त्या जागेवर तेल लावू नका. तिथं घसरण नको, पकड हवी. मिटवताना पट्टी बुडाला चिकटून अडत असेल तर शिसपेन्सिल दोन-तीनदा घासा, तेवढं पुरतं.

## ८. दाब आणि पीळ

चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची सवय बऱ्याच जणांना आहे. आपटल्यानं पट्टी क्षणभर उसळते आणि चांगलं लॉकही निसटू शकतं. शिवाय टेकायची कड चेपते आणि चांगला चाकू तिथंच खराब होतो. दाब हळूहळूच द्यायचा.

लाकडाच्या तुकड्यावर पात्याची पाठ टेकवा, धार वर. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. बोटं मुठीच्या खाचेसमोर, म्हणजे पातं मिटताना जिथं येईल तिथं, अजिबात येऊ देऊ नका. आता जोर सावकाश वाढवत न्या. पट्टी जागची हलतेय का, ते बघत राहा. हलत नसेल तर ठीक. केसभर जरी मागं सरकली तर तिथंच थांबा, चाकू नापास.

शेवटी पीळ. टेप काढून पात्याचं टोक मऊ लाकडात बोटाच्या पेरभर रुतवा. मूठ हलक्या हातानं डावीकडं पिळा, मग उजवीकडं, आणि नजर पट्टीवर ठेवा. चुलतभावाचा चाकू याच पिळानं मिटला होता, म्हणून ही पायरी मी कुणालाच सोडू देत नाही. बोटं इथंही खाचेबाहेरच.

## ९. स्क्रू पक्का करणं

सगळं पास झालं आणि पायरी ५ मध्ये स्क्रू हलवला असेल, तरच हे करा. स्क्रू काढून आटे स्पिरिटनं पुसा. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) आट्यांवर अगदी थेंबभर लावा, पुन्हा त्याच बिंदूपर्यंत आवळा. जास्त झालं तर ते वायसरमध्ये उतरतं आणि पातं चिकटतं. लाल घेऊ नका, पुढं खोलायची वेळ आली की ते तापवल्याशिवाय सुटत नाही. चोवीस तास चाकू हलवू नका.

## पहिल्या आठवड्यानंतर

नवे वायसर दबतात, त्यामुळं पहिल्या चार-सहा दिवसांच्या कामानंतर थोडा आडवा खेळ परत दिसणं साहजिक आहे. पण आधी चाकू धुवा. काडीचा चिकट रस, माती आणि खिशातली सुतं पट्टीच्या मागं साठतात आणि लॉक पूर्ण आत येत नाही. लॉक बिघडलं म्हणून माझ्याकडं आलेले कितीतरी चाकू टूथब्रशनं घासून चालू झालेत. बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी केलेल्या हातांनी चाकू वापरलात तर त्याच दिवशी धुऊन कोरडा करा. मोरचूद साध्या पोलादाला खातो, आणि गंज खिळीपासून सुरू होतो.

धुऊन, वाळवून पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. पट्टी पहिल्या दिवशी जिथं थांबत होती तिथून किती आत सरकलीय ते बघा. यासाठी पहिल्याच दिवशी टॉर्चच्या उजेडात मोबाईलनं एक फोटो काढून ठेवा. आठवड्यात किंचित सरकली तर ती जागा धरतेय. पाव जाडीवरून थेट पलीकडच्या लायनरपर्यंत गेली असेल तर पोलाद मऊ आहे. बिल आणि तो फोटो घेऊन दुकान गाठा.